कपाटात वाटीभर मीठ ठेवून ओल जाते का?

पत्र रत्नागिरीहून आलंय, थोडं कमी करून देतेय:

"ताई, आमचा फ्लॅट तळमजल्यावर आहे, खाडी जवळच. पावसाळा लागला की कपाट उघडलं रे उघडलं की कुबट वास येतो. मिस्टरांच्या लेदरच्या बेल्टवर आणि माझ्या पर्सवर पांढरा बुरा आलाय. रीलमध्ये बघून मी कपाटात वाट्यांमध्ये जाडं मीठ ठेवलं, तर आठ-दहा दिवसांत त्याचं पाणी होऊन ते खालच्या कप्प्यात सांडलं आणि लोखंडी कपाटाला गंज धरला. बाजारात ते पाणी जमणारे प्लास्टिकचे डबे मिळतात पण घरात रांगणारं बाळ आहे म्हणून केमिकल नको वाटतं. सासूबाई म्हणतात कळीचा चुना ठेव, पूर्वी ठेवायचे. माझी आई म्हणते कोळसा ठेव. शेजारच्या काकू म्हणतात तांदूळ. नक्की काय ठेवू? आणि पैठणी आहे लग्नातली, तिची फार काळजी वाटते."

अगं, सगळ्यात आधी, तुझं मीठ बिघडलं नव्हतं हं, त्याने त्याचं काम केलं. फक्त त्या कामाला एक हद्द असते आणि ती रीलमध्ये कुणी सांगत नाही. शुद्ध मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं ते दमटपणा ७५ टक्क्यांच्या वर गेला की. त्याच्या खाली ते नुसतं बसून राहतं. आता कोकण किनाऱ्यावर जुलै-ऑगस्टमध्ये हवेत ८५-९० टक्के दमटपणा असतो, म्हणजे मीठ पाझरणारच, त्यातून जाड्या समुद्री मिठात थोडं मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते फारच हावरट, म्हणून जाडं मीठ बारीक मिठाच्या आधी पाणी सोडतं. पण बुरशीला वाढायला काय लागतं? ७० टक्क्यांच्या वर दमटपणा दिवसेंदिवस टिकला की ती धरायला लागते आणि ८० च्या वर तर जोरात. म्हणजे बघ, मिठाने कितीही जीव तोडून काम केलं तरी ते कपाट ७५ च्या खाली आणू शकत नाही, बुरशीला जे हवंय तिथपर्यंतच आणून सोडतं. आणि वर ते खारं पाणी लोखंडाला खातं, जरीतल्या चांदीलाही चांगलं नाही. त्यामुळे कपड्यांच्या कपाटात मीठ नकोच. गंज आलाय तिथे ओल्या फडक्याने दोन-तीनदा पुसून आधी मीठ काढून टाक, मग कोरडं करून पॉलिशपेपर मार आणि रेडऑक्साइडचा हात दे, मीठ आत राहिलं तर रंगाखालून गंज परत वर येईल.

आता मुळात या गोष्टी कुठे चालतात ते समजून घे, म्हणजे काय ठेवायचं ते तुझं तुलाच कळेल. तुझी बेडरूम दहा बाय बाराची असेल असं धरू. पावसाळ्यात त्या खोलीच्या नुसत्या हवेत साधारण पाऊण लिटर पाणी वाफेच्या रूपात असतं. बरं ते एकदा काढलं की झालं असंही नाही, खिडक्या लावल्या तरी फटींतून हवा आत-बाहेर होतच राहते, एक माणूस झोपेत श्वासातून आणि घामातून रात्रभरात पाव लिटरच्या वर पाणी हवेत सोडतो, आणि मशीनमधून काढलेले चार किलो कपडे खोलीत दोरीवर टाकले की त्यातून आणखी दोनेक लिटर. तिथे कोपऱ्यात कोळशाची परडी ठेवणं म्हणजे पळीने विहीर उपसणं. उघड्या खोलीत नैसर्गिक शोषक काहीही ठेव, मीठ, कोळसा, तांदूळ, चुना, फरक पडणार नाही. वास थोडा कमी होईल, तेवढंच.

बंद कपाटाचं गणित वेगळं. तीन फूट रुंद, दीड फूट खोल, सहा फूट उंच असं कपाट धर, त्यातल्या हवेत पाणी किती, तर जेमतेम १८ ग्रॅम, चहाचे साडेतीन चमचे. हे कुणीही शोषून घेईल. मग अडतं कुठे? अडतं कपड्यांपाशी. सुती कापड स्वतःच हवेतलं पाणी पितं, कोरड्या दिवसांत त्याच्या वजनाच्या ७-८ टक्के आणि आपल्या पावसाळ्यात ११-१२ टक्क्यांपर्यंत, आणि हे हाताला ओलं लागतसुद्धा नाही. कपाटात वीस किलो कपडे असतील तर त्यांच्यात दोन लिटरच्या वर पाणी बसलेलं असतं. म्हणजे तुझ्या कपाटातला सगळ्यात मोठा पाणीशोषक म्हणजे तुझे कपडेच, त्यांच्यासमोर वाटीतल्या मिठाची काय कथा. म्हणून आत काय ठेवायचं यापेक्षा कपडे आत जाताना किती कोरडे आहेत हे दहापट महत्त्वाचं. पंख्याखाली वाळवलेले कपडे, वरून इस्त्री, इस्त्रीनंतर दहा-पंधरा मिनिटं मोकळे टाकून निवू द्यायचे (गरम कपडा घडी घालून ठेवला की त्याची वाफ आतच अडकते) आणि मगच कपाटात. हे जमलं की मग कोळशाला काहीतरी अर्थ येतो.

कोळशाबद्दल तुझी आई बरोबर आहे, पण अर्धीच. लाकडाच्या कोळशात अगणित बारीक छिद्रं असतात आणि तो वास फार छान धरतो, कुबटपणा त्याने खरंच जातो. पाण्याच्या बाबतीत तो तेवढा मोठा नाही, साधा शेगडीचा कोळसा स्वतःच्या वजनाच्या दहावा हिस्सा पाणी धरेल तरी खूप झालं. म्हणजे अर्धा किलो कोळशाला पन्नास ग्रॅम. कपडे कोरडे असतील तर कपाटाच्या हवेपुरतं हे पुरेसं आहे, नसतील तर नाही. इस्त्रीवाल्याकडचा किंवा शेगडीचा लाकडी कोळसा घे, दगडी कोळसा नको, आणि ते बार्बेक्यूचे लवकर पेटणारे चौकोनी गोळेही नकोत कारण त्यात पेटायला काहीबाही घातलेलं असतं. झटकून, भुकटी गाळून जुन्या मलमलीच्या किंवा सुती धोतराच्या दुहेरी फडक्यात पुरचुंडी बांध, प्रत्येक कप्प्यात एक, मागच्या बाजूला, कपड्याला टेकू न देता, खाली एखादी ताटली. आणि मुख्य म्हणजे भरलेला कोळसा पुन्हा कोरडा करावा लागतो, नाहीतर तो कपाटात नुसता पाहुणा. उघडीप मिळाली की कडक उन्हात पसरायचा, ऊन नसेल तर ओव्हन असल्यास ११०-१२० डिग्रीला तासभर. गॅसच्या ज्योतीवर किंवा तव्यावर मात्र अजिबात नाही, कोळसाच तो, आतून पेट घेतो आणि धुमसत राहतो.

हे धुमसणं मी मुद्दाम काढलं कारण घरात बाळ आहे. आपल्याकडे बाळाची दुपटी-लंगोट शेगडीवर टोपली उपडी घालून वाळवायची पद्धत आहे, अजून बऱ्याच घरांत चालते. जुन्या घरात कौलांतून हवा जायची म्हणून ते निभायचं. फ्लॅटमध्ये दारं-खिडक्या लावून शेगडी ठेवली तर कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला ना रंग ना वास, झोपेत माणूस जातो. बाळाच्या खोलीत पेटती शेगडी नको. दुपट्यांना इस्त्री फिरव, ती जास्त कोरडीही होतात.

आता सासूबाईंचा कळीचा चुना. त्या म्हणतात ते खरं आहे गं, शोषक म्हणून तो या सगळ्यांत बलवान. एक किलो ताजी कळी तीनशे ग्रॅमच्या वर पाणी कायमचं बांधून घेते, आणि मिठासारखी ७५ ला अडत नाही, अगदी कोरड्या हवेतूनही ओढते. पण पाणी पिताना ती तापते, फुगते, काचेची बरणी गच्च भरून झाकण लावलं तर फोडते, आणि तिच्यावर नुसतं पाणी सांडलं तर चटका बसेल इतकी उकळते. डोळ्यात कण गेला तर दृष्टी जाऊ शकते. रांगणाऱ्या बाळाच्या घरात कळीचा चुना नाही म्हणजे नाही, वरच्या कप्प्यातसुद्धा नाही, कारण पुडी फुटली की भुकटी खालीच येते. सासूबाईंना हे प्रेमाने सांग, त्यांच्या काळी माजघरात लाकडी पेटारे उंचावर असायचे आणि मुलांवर दहा माणसांची नजर असायची. आणि कुणी म्हणेल पानाचा चुना ठेव किंवा चुन्याची फक्की ठेव, तर ते निरुपयोगी, त्या चुन्याने पाणी आधीच पिऊन घेतलेलं असतं.

पण चुना घरात यायला हवा तो भिंतीवर! हे मला मनापासून सांगायचंय. जुन्या कोकणी घरात ओल नसायची असं नाही, रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, ओल यायचीच. पण जांभ्याची भिंत, मातीचा गिलावा, वरून चुन्याची सफेदी आणि खाली शेणाने सारवलेली जमीन, हे सगळंच्या सगळं पाणी पिणारं आणि पुन्हा सोडणारं होतं. सकाळी दमटपणा वाढला की भिंत ओढून घ्यायची, उघडीप आली की परत द्यायची. एवढा मोठा शोषक म्हणजे घराच्या चारही भिंती आणि जमीन, आणि आपण त्याच्यावर ऑइलपेंट आणि प्लास्टिक पेंट फासून त्याचं तोंड बंद केलं, आणि मग वाटीत मीठ ठेवून बसलो. शिवाय ताजी सफेदी इतकी अल्कली असते की तिच्यावर बुरशीला जगताच येत नाही. हा गुण कालांतराने ओसरतो, म्हणून तर दरवर्षी सफेदी करायची पद्धत. तुझ्या घरात भिंतीतली कपाटं किंवा लोफ्ट असेल तर मे महिन्यात जुना रंग खरवडून आतून चुना मारून घे, चुना मारताना बाळाला आजोळी पाठव आणि मारणाऱ्याला चष्मा लावायला सांग. ऑइलपेंटवर चुना धरत नाही, म्हणून खरवडणं चुकवू नको.

सामान कोरडं ठेवायची जुनी जागा म्हणजे चुलीवरचा माळा, सोलं, सुकट, मिरच्या, बियाणं सगळं तिथे. तिथे शोषक काहीच नव्हतं, होती ती ऊब. हवा थोडी तापली तरी तिचा दमटपणा झपाट्याने उतरतो, २८ डिग्रीची ८५ टक्के दमट हवा ३२ डिग्रीला नेली, पाणी एक थेंब न काढता, तरी दमटपणा ६८ च्या आसपास येतो. चारच डिग्री! तबला-हार्मोनियम असलेल्या घरात कपाटात जुना तारेचा बारीक बल्ब लावून ठेवतात तो याचसाठी, एलईडीने हे होत नाही कारण तो तापतच नाही. तुझ्या कपड्यांच्या कपाटात मी बल्ब सुचवणार नाही, कापड टेकलं तर जळतं आणि वायर बाळाच्या हाताला लागते. पण कपाट कुठे उभं आहे ते बघ. पावसाचा मारा खाणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीला पाठ लावून असेल तर तिथून हलव, आतल्या भिंतीला लाव, तेही चार बोटं अंतर सोडून, खाली लाकडी ठोकळे देऊन.

काकूंचा तांदूळ कपाटात नको. तांदूळ पाणी पितो पण हळू, आणि आपल्या दमट हवेत उघडा राहिला तर त्यालाच बुरा येतो आणि वर टोके. त्याची जागा स्वयंपाकघरात. तांदूळ मंद आचेवर कोरडे भाजून घे, रंग बदलायच्या आत उतरव, घट्ट झाकणाच्या डब्यात गार होऊ दे, आणि मग छोट्या फडक्यात चमचा-दोन चमचे बांधून मसाल्याच्या, मेतकुटाच्या, हिंगाच्या डब्यात टाक. मिठाच्या बरणीत नुसते दाणे टाकले तरी चालतात. भाजल्यामुळे त्यांच्यातलं पाणी गेलेलं असतं म्हणून ते पुन्हा ओढतात, न भाजता टाकलेला तांदूळ आधीच भरलेला असतो. हेच बियाण्यालाही चालतं. परसातल्या पडवळ-कारल्याचं बी राखेत ठेवतात ती राखही कोरडी, चाळलेली आणि गार हवी. आणि हो, धान्यात कडुलिंबाचा पाला घालतेस ना, तो ताजा हिरवा घालू नको, सावलीत कुरकुरीत वाळवलेला घाल, हिरव्या पाल्यातलं पाणी धान्यातच उतरतं. सादळलेल्या पापडांना मात्र शोषकाने काही होत नाही, त्यांना ऊनच दाखवावं लागतं.

वर्तमानपत्राचे कागद बुटात आणि पर्समध्ये बोळे करून भरायला उत्तम, कागद पाणी पटकन पितो. पण रोज बदलायचे. कपड्यांखाली अंथरलेला कागद जूनपासून तसाच असेल तर तोच आता ओलावा धरून बसलाय, काढून टाक. डांबरगोळ्या पाणी शोषत नाहीत, त्या किड्यांसाठी, आणि बाळाच्या आवाक्यात त्या मुळीच नकोत कारण गोळी समजून तोंडात घालतात मुलं. खायचा सोडाही वासापुरताच. खडू लोक चांदीच्या भांड्यात ठेवतात, छोट्या घट्ट डब्यात थोडंफार काम करतो.

त्या पाणी जमणाऱ्या डब्यांबद्दल खरं ते सांगते, त्यात बहुतेक कॅल्शियम क्लोराइड असतं आणि ते अगदी ३० टक्के दमटपणापर्यंत काम करतं, त्यामुळे बंद कपाटात त्यांच्याइतकं परिणामकारक घरगुती काही नाही. बाळ असताना नको म्हणतेस ते योग्यच, जमलेलं पाणी झोंबतं आणि चामडं-कपडा खराब करतं. पण लोफ्टवरच्या बंद ट्रंकेत, कुलूप लावून, सरळ उभा ठेवलास तर घाबरायचं कारण नाही. सिलिका जेलच्या पुड्याही चांगल्या, उन्हात किंवा ओव्हनमध्ये वाळवून परत वापरता येतात, फक्त निळे दाणे असलेल्या घेऊ नको, त्या निळ्या रंगात कोबाल्टचं क्षार असतं.

एक तपासणी आजच कर. कपाटामागच्या भिंतीवर हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांना चिकटपट्टी लावून बंद कर आणि दोन दिवस ठेव. प्लास्टिकच्या मागे, भिंतीकडच्या बाजूला पाणी दिसलं तर ओल भिंतीतूनच येतेय, तळमजल्यावर जमिनीतून चढलेली किंवा बाहेरच्या भेगेतून किंवा वरच्यांच्या पाइपातून आलेली, आणि तिथे कोळसा-चुना-मीठ कशाचाच उपयोग नाही, गवंडी बोलवायला लागेल, सोसायटीशी बोलायला लागेल. समोरच्या बाजूला दव धरलं तर पाणी खोलीतल्या हवेचं आहे, मग स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट चालू ठेव, आंघोळीनंतर बाथरूमचं दार लावून तिथली खिडकी उघड, कपडे बाळाच्या खोलीत वाळवू नको आणि पाऊस थांबून उजाडलं की समोरासमोरच्या खिडक्या अर्धा तास उघड. बाळाला सारखी सर्दी, घरघर असं काही असेल तर डॉक्टरांना घरात बुरशी आहे हे आवर्जून सांग, ते स्वतःहून विचारतीलच असं नाही.

बेल्ट आणि पर्स गॅलरीत नेऊन, नाकाला रुमाल बांधून, कोरड्या फडक्याने पूस, घरात झटकू नको. फडकं लगेच गरम पाण्यात. मग सावलीत वाऱ्यावर वाळव आणि रंगहीन बूटपॉलिशचा पातळ हात दे. खोबरेल तेल लावू नको, पुष्कळजण लावतात, पण ते बुरशीला खाऊच होतं.

आणि पैठणी. प्लास्टिकच्या पिशवीत असेल तर आजच्या आज काढ. धुतलेल्या, खळ नसलेल्या जुन्या मलमलीत सैल गुंडाळ, घडीची जागा बदल, जर आतल्या बाजूला. मीठ, चुना, खडू, डांबरगोळ्या यातलं काहीही तिच्या कप्प्यात नको, कोळशाची पुरचुंडी हवी तर कप्प्याच्या टोकाला, साडीपासून वीतभर लांब. पावसाळ्याच्या मध्ये भरपावसात उघडून बघायचा मोह आवर, त्याने दमट हवाच आत जाते. गणपती झाल्यावर भाद्रपदातलं ऊन पडायला लागलं की एखादी कोरडी दुपार बघून काढ, थेट उन्हात न घालता खोलीत पंख्याखाली तासभर पलंगावर उलगडून ठेव, आणि संध्याकाळची दमट हवा सुटायच्या आत पुन्हा मलमलीत बांधून ठेव.